हातानं दिलेला श्वास

“आधी आपला घ्यायचा, मग त्याला द्यायचा. घाई करायची नाही. आपला श्वास चुकला, की त्याचाही चुकतो.”

आवाज चौतीस वर्षांपूर्वीचा. सरकारी दवाखान्यातल्या एका जाड्या, सदा घामेजलेल्या सिस्टरचा. तिचं नावही सुशीलला ठाऊक नव्हतं. पण दुरुस्त केलेलं श्वासाचं मशीन चालू करून पाहायला हात बटणाकडे गेला, की हा आवाज कानामागून यायचाच. आजही आला. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या तळघरात तो व्हेंटिलेटरची चाचणी घेत होता. मशीनला जोडलेली रबरी पिशवी फुगत होती, बसत होती. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

“काका, कुठी आहा तुमी?” पिंकी होती, त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. “लवकर या ना. आईनं मास्क पुन्हा काढून फेकला.”

“कितव्यांदा?”

“तिसऱ्यांदा. म्हणते, मले खाप्याले घरी न्या. बोलाले दम पुरत नाही, पण सिस्टरले शिव्या बराबर देऊन राहिली.”

सुशीलनं पाने-पेचकस पिशवीत टाकले आणि उन्हात बाहेर पडला. काल वहिनींना भरती केलं होतं तो दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. या गल्ल्यांत त्याचं अर्धं आयुष्य गेलं. आडनाव कुणाला माहीत नव्हतं, ‘मशीनवाले सुशीलभाऊ’ एवढीच ओळख. त्याच्या हातून नीट झालेल्या मशीनवर श्वास घेऊन किती माणसं आपल्या पायांनी घरी गेली, ती त्याला कधी भेटली नाहीत. भेटावीत असंही त्याला वाटलं नाही.

गावी, खाप्यात मात्र त्याचं नाव होतं. ‘भाऊ डोळ्यांदेखत गेला म्हणून या लायनीत शिरला बिचारा,’ असं लोक म्हणत, आणि सुशील मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे. दर वर्षी भावाच्या तिथीला गोपिकावहिनी पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवीत. “तीन दिवस यायच्याच हातानं जगला माया माणूस,” असं पंगतीला सांगत. तो वड्याचा घास सुशीलच्या तोंडात फिरत राही. गिळवत नसे, थुंकवत नसे.

वहिनी पलंगावर पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ जांभळट. खांदे प्रत्येक श्वासाला वर चढत होते.

“या भाऊजी,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. दोन शब्दांमागे एक थांबा लागत होता. “पाहा ह्या पोरी... काय करून राहिल्या. तोंडाले तोबरा बांधतेत. मी का... टांग्याचा घोडा हो?”

कोपऱ्यातली सिस्टर हसली. “मावशी, मघा तुम्ही मला घुबड म्हणालात.”

“मंग डोये तसेच वटारते तू.”

डॉक्टर भैरवी तिशीची, शांत बोलणारी मुलगी होती. तिनं सुशीलला दाराशी बोलावलं. “चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेली आहेत, ते तुम्हाला माहीत आहेच. आता आतली खराब हवा बाहेर पडत नाहीये, रक्तात साठतेय. अजून शुद्धीवर आहेत, म्हणून मास्कच्या मशीनवर भागेल. दोन दिवस लावून घेतला, तर आठवड्यात घरी जातील. पण एकदा गुंगीत गेल्या की घशात नळी घालावी लागेल, आणि त्यातून या परत येतील असं मला वाटत नाही.”

“किती वेळ आहे?”

“तासभर धरा. हातपाय बांधून हा मास्क चालत नाही, सुशीलभाऊ. त्यांनी आपला श्वास मशीनशी जुळवून घ्यायला हवा. तुमचं ऐकतील म्हणून बोलावलं.”

सुशीलनं मशीन तपासलं. कालच त्यानं ते स्वतः जोडून दिलं होतं. मग मास्क स्वतःच्या तोंडाला लावून दाखवला. आतून त्याचा आवाज मडक्यातून यावा तसा आला. “पाहा वैनी, वारा येते फक्त. काईच होत नाही.”

“तुमच्यावर भरोसा आहे, भाऊजी. मशीनीवर नाही.” वहिनींनी डॉक्टरकडे पाहिलं. “बाई, तू लहान आहे. तुले नाही माहीत. माया माणसाले मन्यार चावली होती. तीन दिवस आमी हातानं जगवला. चौथा दिवस उगवला असता... त उठून बसला असता. फुगा फाटला. रबरानं दगा देला. यायले विचार, यायच्याच हातात होता.”

डॉक्टरनं सुशीलकडे पाहिलं. सुशील मास्कचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

एक्क्याण्णव साल होतं ते. थोरला भाऊ गिरिधर अठ्ठावीस वर्षांचा. श्रावणातल्या एका पहाटे ओसरीवर चटई टाकून झोपलेल्या गिरिधरला मण्यार चावली, आणि चावल्याचं कळलंसुद्धा नाही. पोट दुखतं म्हणत तो उठला. तांबडं फुटेस्तोवर पापण्या उघडेनात, मग जीभ वळेना, आणि नागपूरच्या दवाखान्यात जीप पोचली तेव्हा छातीही थकत आली होती. वॉर्डात श्वासाची मशीनं दोनच, दोन्ही गुंतलेली. डॉक्टरांनी घशात नळी घातली, नळीला काळ्या रबराचा फुगा जोडला आणि तो घरच्यांच्या हातात दिला. दाबला की छाती वर, सोडला की खाली. औषध दिलं आहे, म्हणाले, विष उतरेस्तोवर चार-पाच दिवस असा वारा पुरवत राहा, हा चालत घरी जाईल. हलत नाही एवढंच. ऐकू सगळं येतं त्याला. बोलत राहा त्याच्याशी.

म्हणून गोपिकावहिनी गात राहिल्या. चोविशीची बाई, मांडीवर वर्षाची पिंकी. जात्याच्या खुंट्याला हात घालावा तसा त्यांनी फुग्याला हात घातला आणि त्याच तालावर ओठ हलवले :

ये रे वाऱ्या, ये रे घरा, उघडं ठेवलं मी दार
तुया येन्याजान्यावर माया कुंकवाचा भार

फुगा जुना होता. एका अंगाला चीर गेलेली, तिच्यावर सिस्टरनं चिकटपट्टीचे दोन थर लावलेले. त्या पट्टीसकट तो धड चालत होता. वहिनी दाबत, सुशील दाबी, सुशीलचे वडील महादेवराव दाबत. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरिधरच्या पायाचा अंगठा हलला. वहिनींनी तो मुठीत धरला आणि हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या. दुपारी त्या पोरीला पाजायला व्हरांड्यात गेल्या. महादेवराव जेवण आणायला खाली उतरले. एकोणीस वर्षांचा सुशील स्टुलावर बसला. आपला घ्यायचा, त्याला द्यायचा. आपला घ्यायचा.

जाग आली तेव्हा फुगा मांडीवर होता. तट्ट फुगलेला, कुणी न दाबलेला. भावाच्या तोंडाकडे त्यानं एकदाच पाहिलं. व्हरांड्यातून वहिनींच्या चपला वाजत येत होत्या. त्या सात-आठ पावलांत त्यानं जे केलं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नखानं पट्टी सोलली, चिरेत बोट घालून ती मोठी केली, आणि ओरडला, “फुगा फाटला! सिस्टर, फुगा फाटला!”

दुसऱ्या दिवशी एक साहेब त्या जाड्या सिस्टरला सगळ्यांसमोर बोलत होता आणि ती घाम पुसत खाली पाहत उभी होती. सुशील तिच्यापासून चार हातांवर होता. पुढे दहा वर्षांनी महादेवरावांनी आतड्याचं साधं ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला. ‘रबरावर जीव टांगत नाही मी,’ म्हणाले, आणि घरीच वारले. तेव्हाही सुशील गप्पच राहिला. आणि गिरिधरला तर सगळं ऐकू येत होतं. या वाक्याच्या पुढे सुशील कधी गेला नाही. इथवर आला की उठून काहीतरी कामाला लागायचा.

“आई, ऐक ना वं,” पिंकी रडकुंडीला आली होती. “जमाना बदलला. आता मशीनी तशा नाही राहत.”

“रबर ते रबर,” वहिनी म्हणाल्या. त्यांची मान झुकू लागली होती. त्यांनी ती सावरली, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या औषधांच्या गाडीकडे बोट दाखवलं. गाडीच्या दांडीला हातानं दाबायचा नवा, निळसर फुगा टांगलेला होता. “तो काय आहे? तोच ना? मले श्वास द्याचाच असन... त भाऊजी, तुमी द्या. तुमच्या हातानं. मशीन नको.”

“दोन दिवस हातानं कसं जमेल, मावशी?” डॉक्टर म्हणाली.

“जमते. यायले जमते. तीन दिवस जमलं होतं.”

सुशीलनं फुगा हातात घेतला. का घेतला ते त्यालाही सांगता आलं नसतं. हात तो आकार विसरला नव्हता, बोटं आपोआप आपापल्या जागी बसली. मनात आलं, हो म्हणावं. इथंच बसावं, हात गळून पडेस्तोवर दाबत राहावं, आणि झालेलं सगळं कुणाला न सांगता फिटून जावं. क्षणभर ते त्याला गोड वाटलं. मग त्या गोडीचीच किळस आली. वहिनी त्याच्याकडे इतक्या विश्वासानं पाहत होत्या की त्याला वाटलं, त्यांनी थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

“पिंकी,” तो म्हणाला, “तू जरा बाहेर...” आणि थांबला. “नाई. थांब. तुया बाप होता तो.”

त्यानं फुगा पलंगावर ठेवला. खाली बसला, वहिनींच्या पायांपाशी, फरशीवर. धंतोलीत त्याला कुणी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. सिस्टर पुढे आली, डॉक्टरनं तिला हातानं अडवलं.

“वैनी, रबरानं दगा नाही देला.”

“मंग?”

“मी झोपलो होतो.”

वहिनींचे खांदे वर चढले, उतरले, पुन्हा चढले. बाहेर रस्त्यावर कुणी रिक्षावाला सवारीशी हुज्जत घालत होता, त्याचा शब्दन् शब्द आत येत होता.

“किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“नाई माहीत. तुमी गेल्या तवा ऊन खिडकीत होतं. जाग आली तवा खाटेच्या पायाशी आलं होतं.”

“मी पोरीले पाजून राहिली होती,” वहिनी म्हणाल्या, त्याला नव्हे, स्वतःशीच. “झोपली होती पोरगी. मले वाटलं, घडीभर आपणही...” वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी पिंकीकडे पाहिलं. पिंकी पलंगाची दांडी धरून उभी होती, तिची नखं पांढरी पडली होती.

मग वहिनींनी तोंड डॉक्टरकडे वळवलं. “बांध वं बाई तुया तोबरा.”

डॉक्टर भैरवीनं मास्क चेहऱ्यावर धरला. सवयीनं सुशील उठला, मागचा पट्टा ओढायला त्याचा हात गेला. वहिनींनी तो दोन बोटांनी बाजूला केला, ताटातला खडा काढावा तसा. पट्टा पिंकीनं बांधला. मशीन सुरू झालं. पहिले काही श्वास जमले नाहीत. मशीन देई तेव्हा वहिनी सोडत होत्या, वहिनी मागत तेव्हा मशीन थांबलेलं. “अंग सैल सोडा, मावशी. येतंय ते येऊ द्या,” डॉक्टर म्हणत राहिली. हळूहळू दोघांची गाठ पडली. खांद्यांची धडपड थांबली. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशीवरून सत्त्याऐंशी झाला, मग नव्वद. डॉक्टरनं सुस्कारा टाकला, सिस्टरला दर पंधरा मिनिटांनी पाहायला सांगितलं आणि ती पुढच्या रोग्याकडे गेली.

सुशील भिंतीला टेकून उभा राहिला. जावं की थांबावं, ते सांगणारं तिथं कुणी नव्हतं. पिंकी आईचे केस सारखे करत होती. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

वहिनींनी डोळे उघडले. मास्कमागून काही विचारलं, ऐकू आलं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं जुळवली आणि कापड फाडावं तशी दूर ओढली. भुवया वर गेल्या. फुगा फाटलेला त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, चीर हाताळली होती. आता पिंकीही वळून पाहू लागली.

इथं थांबता आलं असतं. दोन रात्री जागलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या झोपेवर कुणीही पांघरूण घातलं असतं. आज नाही तर उद्या, कदाचित या दोघींनीही घातलं असतं.

“फाटला नव्हता, वैनी,” सुशील म्हणाला. “फुगा धड होता. तुमच्या चपलांचा आवाज आला, न मी सोताच्या नखानं पट्टी काढली. मंग ओरडलो.”