परातीतली थंडी

दर गुरुवारी भाऊ एलीबेर्तोच्या अंगणात थंडी पडायची. बाहेर पालमिरा गाव उन्हात भाजून निघत असे, ऊस जाळल्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत असे, आणि या एका अंगणात मात्र पांढरे धुके जमिनीवरून सरपटत लोकांच्या पावलांपर्यंत येई. बायका छातीवर क्रूस काढीत. म्हातारे टोपी काढून उभे राहत.

"लागली का पायाला थंडी?" भाऊ विचारायचा.

"लागली, भाऊ!" सगळे अंगण ओरडायचे.

"ही हवेची नाही, बरं का! हवेला कुठली एवढी ऐपत? ही या माउलीच्या गालात रुतून बसलेली थंडी. पाद्री ब्राउलिओनं ओढून काढली!"

हा पाद्री ब्राउलिओ म्हणे कोणे एके काळी पर्वतावर गारठून मेला, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या अंगातली थंडी काढण्याचे काम स्वर्गात त्याच्याकडे आले. ज्याला स्वतःची थंडी आवरली नाही त्याच्यावर एवढा भरवसा! पण रांगेत उभे राहिले की माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत.

त्या गुरुवारी अंगणाच्या मधोमध ठेवलेल्या मोठ्या परातीपुढच्या खुर्चीवर ओफिर बसली होती. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. भाऊने चष्मा काढला तशी गर्दी हळहळली. डावा अर्धा चेहरा ओघळलेला, ओठाचा कोपरा खाली आलेला, आणि डावा डोळा टक्क उघडा. तो मिटतच नव्हता.

भाऊने तिची हनुवटी धरली आणि स्वतःचे डोळे मिटले. "पाद्री दाखवताहेत... इस्त्री दिसतेय मला. पांढरा ब्लाउज. वाफ. अंग तापलंय. आणि आता... अगं बाई, हे काय केलंस? फ्रिज उघडलास!"

"देवा रे!" कुणीतरी मागे किंचाळले. इस्त्रीने तापलेल्या अंगाने फ्रिजपुढे उभे राहिले की तोंड वाकडे होते, हे पालमिरात लहान पोरालाही ठाऊक होते. आयांनी मुलींना धाक घालायचा तो यानेच.

"बघ ताई!" ओफिरची धाकटी बहीण फानेरी रडायलाच लागली. "मी यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं!"

खरेच होते ते. भाऊला तिने काही सांगितले नव्हते. दारात गुळाचे लिंबूपाणी देणाऱ्या त्याच्या मावशीला मात्र पेला संपेपर्यंत सगळे सांगितले होते.

 पण त्या अंगणात एकट्या ओफिरलाच माहीत होते, की त्या दिवशी तिने इस्त्रीला हातही लावला नव्हता.

ओफिरचे केस कापण्याचे दुकान होते. दिवसभर भल्यामोठ्या आरशापुढे उभे राहायचे, खुर्चीत कोवळा चेहरा आणि त्याच्या वर आपला. वर्षानुवर्षे तिने तो आपला चेहरा सहन केला. मग एक दिवस लग्न ठरलेली एक पोर सहज म्हणाली, "आजी, अंबाडा जरा घट्ट घाला हं." वाईट मनात नव्हते तिच्या. पण ओफिरने त्याच आठवड्यात काली शहरातल्या डॉक्टरकडे जाऊन चेहरा ताणून घ्यायचे ठरवले. गावात सांगितले, मामेबहिणीकडे चालले आहे. खरे फक्त फानेरीला माहीत.

पट्ट्या निघाल्या तेव्हा उजवी बाजू नव्या नवरीसारखी होती आणि डावी मेल्यासारखी. डॉक्टरने काही लपवले नाही. नस ताणली गेली आहे, असे क्वचित होते, म्हणाला, आणि त्याने तिला पालमिराच्याच दवाखान्यात चेहऱ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या यामिलेथकडे पाठवले.

"नस तुटलेली नाही," यामिलेथने समजावले. "मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात ना, तसं समजा. फक्त ही मुंगी काही महिने राहील. नस आपली आपण जागी होते."

"मग मी काय करू?"

"डोळा सांभाळा. पापणी मिटत नाही, तर ती तुम्ही मिटवायची. दिवसा थेंब, झोपताना मलम आणि वरून पट्टी. हसू उशिरा का होईना, येईल. डोळा गेला तर येत नाही, ओफिरबाई."

इतके सरळ होते सगळे. पण गल्लीतल्या बायकांना काय सांगायचे? पहिल्याच शेजारणीने विचारले तेव्हा ओफिरच्या तोंडून निघून गेले, "इस्त्री करत होते गं, आणि तशीच फ्रिज उघडायला गेले." शेजारीण चुकचुकली, सूप घेऊन आली. चेहरा ताणून घेतला म्हणाली असती तर हसली असती. दुसऱ्या दिवशी गल्लीभर तेच झाले. फानेरीही इतक्या वेळा तेच सांगत सुटली, की पुढे पुढे तिलाच ते खरे वाटू लागले.

"डॉक्टर काहीही म्हणोत, ताई, त्या दिवशी तू फ्रिज उघडला होतास. मी पाहिलं."

"अगं, पट्ट्या काढून आल्यावर रस प्यायला उघडला."

"तेच म्हणते मी!"

आपलीच थाप दारातून बाहेर गेली आणि संताच्या तोंडून परत आली. ज्या संताला खरे काय तेही कळले नव्हते, त्याच्यापुढे ओफिरने मान झुकवली, कारण खरे तिलाही नको होते. थंडीने झाले असेल तर ते नशीब. नाहीतर ती तिची हौस होती, आणि हौसेची शिक्षा कुणाला दाखवायची?

त्या गुरुवारी अंगणात भाऊने गवती चहाचे आधण परातीत ओतले, फुलांचा गुच्छ सोडला, आणि पांढरा धूर उसळून काठावरून खाली लोळला. "निघाली! बघा कशी पळतेय!" मग तो ओफिरच्या कानाशी आला. "आता पथ्य. चेहऱ्याला पाणी नाही. थेंब नाही, मलम नाही. ओल म्हणजे थंडीचं माहेर. आणि आरसा झाकायचा."

तिने दुकानातला आरसा चादरीने झाकला. थेंबांची बाटली फानेरीने परसात भिरकावली.

काही गुरुवार गेले. एका सकाळी कॉफी पिताना ओफिरच्या ओठाचा डावा कोपरा हलला. किंचितच, पण हलला. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. गावात बातमी पसरली, अंगणातली रांग वाढली. डोळा तेव्हा लाल झाला होता, त्यात वाळू गेल्यासारखे खुपत होते. भाऊ म्हणाला, "शेवटचं मूळ आहे थंडीचं. डोळ्यावाटे निघतंय. सोस." तिने सोसले. आयुष्यात कधी नव्हे इतक्या श्रद्धेने सोसले.

पुढच्या गुरुवारी गर्दीत तिचा तोल गेला आणि आधारासाठी टेकलेला हात परातीत सोडायच्या फुलांच्या गुच्छावर पडला. फुलांखाली काहीतरी टणक, गार होते. तिने चटकन हात काढला, तरी बोटांवर फोड आले. भाऊने तिला घाईघाईने बाहेर काढले.

दुखणे असह्य झाले तेव्हा ती दवाखान्यात गेली. डोळ्यांच्या डॉक्टरणीने पापणी उचलून पाहिले. बुबुळावर पांढरे फूल पडले होते. बाहेर बाकावर यामिलेथ तिच्याशेजारी येऊन बसली.

"थेंब का बंद केलेत?"

ओफिरने सांगितले. पहिल्यांदाच सगळे खरे सांगितले. यामिलेथ रागावली नाही, आणि त्याचेच ओफिरला जास्त लागले. मग यामिलेथची नजर बोटांवरच्या फोडांवर गेली.

"हे कशानं भाजलं?"

"भाजलं नाही. गार होतं."

"गारठ्यानं भाजलंय हे. पालमिरात?" यामिलेथ उठली आणि तपासणीचे नमुने पाठवतात त्या खोलीतून एक डबा घेऊन आली. चिमट्याने आतला पांढरा खडा उचलून तिने गरम पाण्याच्या तसराळ्यात टाकला. भसकन धूर उसळला, काठावरून खाली उतरला आणि ओफिरच्या पायांवर आला.

थंड. अगदी तसाच थंड.

"ड्राय आइस म्हणतात याला. हा वितळून पाणी होत नाही, याचा वायू होतो. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीवरून पळतो. आइस्क्रीमच्या पेट्यांतही असतो."

ओफिर त्या धुराकडे पाहत राहिली. उजव्या डोळ्याने. 

"मग ओठ? ओठ कसा हलला?"

"मी सांगितलं होतं ना," यामिलेथ हळूच म्हणाली. "तो हलणारच होता."

गुरुवारी भाऊने तिला दारातच पाहिले आणि त्याचा चेहरा फुलला. "या, या! लोकहो, हे हसू बघा! कुणी दिलं हे?"

ओफिर खुर्चीवर बसली नाही. "भाऊ, पाद्रीला विचार ना, मी त्या दिवशी कशाला इस्त्री करत होते?"

"पांढऱ्या ब्लाउजला! विसरलीस?"

"मी इस्त्री केलीच नव्हती." ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "मी कालीला जाऊन चेहरा ताणून घेतला. तिथं नस दुखावली. लाज वाटली म्हणून इस्त्रीची थाप मी मारली. माझी थाप तुझ्या संताला कशी दिसली?"

कुणीतरी फिसकन हसले. "म्हातारीला नवरी व्हायचं होतं!" ते तिला लागले, पण ती हलली नाही. फानेरीने रुमाल तोंडावर घेतला आणि हुंदके देऊ लागली.

"सैतान बोलतोय हिच्या तोंडून!" भाऊ गरजला.

ओफिरबरोबर आलेली यामिलेथ डबा घेऊन पुढे आली. तिने दारातल्याच बादलीत थर्मासमधले कढत पाणी ओतले आणि डब्यातला खडा टाकला. धूर निघाला, जमिनीवरून चालत गेला आणि पाद्री ब्राउलिओच्या तसबिरीखाली जाऊन पसरला. ना फुले, ना मंत्र.

"आता ही कोणाच्या गालातली, भाऊ?" एका म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घालत विचारले.

ओफिरने काळा चष्मा काढला. पांढरे फूल पडलेला डोळा सगळ्यांनी पाहिला.

"हसू माझ्या नसेनं परत आणलं. तू नसतास तरी आलं असतं. डोळा मात्र तुझ्याच पथ्यानं गेला. तेवढाच तुझा चमत्कार."

काही लोक निघून गेले. काही तरीही रांगेत उभे राहिले, कारण आशा सोडायला कुणाचे मन होते? त्यांच्यात एक कोवळी बाळंतीण होती. तोंड वाकडे, डावा डोळा उघडा आणि लालसर. ओफिर तिच्यापाशी गेली आणि पिशवीतून थेंबांची बाटली काढली.

पोर मागे सरली. "भाऊ म्हणतात, ओल नको."

"माझ्याकडे बघ," ओफिर म्हणाली. "नीट बघ. मग ठरव."

पोरीने पाहिले. मग तिने मान मागे टाकली. ओफिरने थेंब टाकले, बोटाने हलकेच पापणी ओढून मिटवली आणि वर पट्टी लावली.

"उद्या दवाखान्यात जा. तोंड कशानं वाकडं झालं ते त्यांना बघू दे. आणि हात जोडायचेच असतील तर कुणालाही जोड, बाई," ती म्हणाली, "पण आधी डोळा मिट."