राखून ठेवलेल्या दोन जागा

शैलेंद्र हातचं राखून वागतो, अशी त्याच्या आईची तक्रार. पण ती स्वतः चौघांच्या स्वयंपाकात सहाजणांचा भात टाकायची. खाण तशी माती, दुसरं काय!

अमेरिकेत, शॉमबर्गच्या ऑफिसात बसून तो लंडन-पॅरिस गाडीच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहायचा. ही गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून जाते. तिथे आग लागली, तर अर्ध्या गाडीतली माणसं उरलेल्या अर्ध्या गाडीत मावायला हवीत. म्हणून उभ्याने प्रवास नाही आणि ठरलेल्या आकड्यावर एकही माणूस नाही. शैलेंद्रने आपल्या स्वभावाला जागून त्या आकड्यातल्याही दोन जागा बंद ठेवल्या, शेवटच्या डब्यातल्या, दारापाशीच्या. चुकून जास्त तिकिटं विकली गेली तर असाव्यात. टेस्टिंग संपलं की उघडू, असं त्याने ठरवलं होतं.

सिस्टिम सुरू होऊन वर्ष झालं. डिसेंबरात लंडनहून त्याच्या धाकट्या बहिणीचा, कांचनचा फोन आला. तिच्या नवऱ्याला, श्रीरंगला, पॅरिसमध्ये कामावर असताना हार्ट अटॅक आला होता. धुक्यामुळे विमानं बंद होती.

"दादा, संध्याकाळची गाडी फुल दाखवतेय. तुझीच सिस्टिम ना? एक सीट अ‍ॅडजस्ट कर ना रे. मी उभी राहून जाईन."

"उभं राहताच येत नाही गं त्यात. लिमिट सेफ्टीचं आहे, मला नाही तोडता येत. सकाळच्या गाडीचं बुक करतो."

"बरं," ती म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

ती पोचली तेव्हा श्रीरंग गेला होता.

तेराव्यानंतर शैलेंद्रने धीर करून फोन लावला. "माझा राग आला असेल ना तुला?"

"छे रे. सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा दादाने नियम मोडला नाही, असं मी सगळ्यांना सांगते." ती थोडं थांबली. "सकाळची गाडीपण फुल होती म्हणे. पण माझ्या समोरच्या दोन सीट्स रिकाम्याच होत्या. कुणाचं तरी येणं हुकलं असेल. मी तिथे श्रीरंगसाठी घेतलेला त्याचा कोट ठेवला."

"कुठे बसली होतीस?"

"शेवटच्या डब्यात, दारापाशी. का रे?"

टेस्टिंगनंतर उघडायच्या राहून गेलेल्या त्या दोन जागा वर्षभर रोज, प्रत्येक गाडीत, रिकाम्या धावत होत्या. त्या संध्याकाळीही. त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली. त्याने तिला सगळं सांगून टाकलं, काही म्हणजे काही राखलं नाही.

"एवढं तरी राखायचंस रे, दादा," कांचन म्हणाली.