पितळी डाग

"ज्योत लोखंडाला दाखवा, तारेला नको. लोखंड पुरतं लाल झालं की तार आपली आपण पळते सांध्यात. घाई केलीत तर नुसता गोळा बसेल वर."

कारखान्यातल्या मास्तरांचा हा आवाज वहिनींच्या कानात वाजला तो भर चौकात, शेकडो माणसांच्या रेटारेटीत. समोर चौथऱ्यावर निखारे फुलले होते, निखाऱ्यांत लोखंडाची एक कडी लाल होत होती, आणि ती कडी त्यांच्या थोरल्या नणंदेच्या नावाची होती.

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका गच्च्यांवर, पोरं दिव्याच्या खांबांवर. कडीमहाराज महिनाभर मुक्कामाला होते आणि रोज सकाळी न्याय देत होते. न्यायाची पद्धत सोपी होती. कडी निखाऱ्यांत आडवी ठेवायची. एका अंगाची साखळी खुंटीला, दुसऱ्या अंगाची चौथऱ्याच्या कडेवरून खाली सोडलेली, तिच्या टोकाला वजन. कडी शाबूत राहिली तर माणूस निर्दोष. कडी सुटून वजन आदळलं तर पापी.

"माणूस खोटं बोलतो!" महाराज गरजत होते. "वकील बोलतो, डॉक्टर बोलतो, सख्खा भाऊ बोलतो! लोखंड बोलत नाही, बाबांनो, लोखंड सोसतं! पण पाप्याच्या नावाचं ओझं? अरेरे! ते लोखंडालासुद्धा पेलत नाही!"

मधूनच ते डोळे मिटून घेत. देवाशी बोलणं चाललंय, असं लोक एकमेकांना सांगत. वहिनी रोज पहाटे तासभर देवापुढे बसत. त्यांना वाटे, देवाशी बोलणाऱ्याला एवढा घाम कसा येतो?

पण त्यांनीही तोंड उघडलं नव्हतं. भेसळीचा आळ असलेल्या व्यापाऱ्याची कडी शाबूत राहिली, तेव्हा त्या गप्प होत्या. शिंप्याची सुटली, आठवड्यात त्याच्या दुकानाला कुलूप लागलं, तेव्हाही गप्प होत्या. मग घरकाम करणाऱ्या एका विधवेची सुटली. ज्याच्यामागे चार माणसं होती त्याचं लोखंड टिकत होतं, ज्याच्यामागे कुणी नव्हतं त्याचं सुटत होतं. हे डोळ्यांपुढे असून कुणाला दिसत नव्हतं. वहिनींनाही नाही.

आज वन्सं उभ्या होत्या. वन्सं म्हणजे वस्तीची सुईण. बेकरीवाल्याचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं. बाळ निळं पडतंय, दवाखान्यात न्या, असं वन्संनी पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं होतं. नेलं नाही. आता बेकरीवाल्याची आई म्हणत होती, हिच्या हातानंच घात केला. कडी सुटली तर वन्संनी राहतं घर सोडायचं आणि पुन्हा कुठल्याही बाळंतिणीला हात लावायचा नाही, असं पंचांनी ठरवून टाकलं होतं.

निखाऱ्यांवरून पांढरा धूर उठला. ज्वाळेच्या कडेला हिरवट झाक आली. मग कडीच्या पोटाखालून एक पिवळाधमक थेंब टपकला.

तो थेंब, ती हिरवी झाक, तो धूर, सगळं वहिनींच्या ओळखीचं होतं.

नवरा गेल्यावर बेचाळिसाव्या वर्षी त्या सायकलच्या सांगाड्यांच्या कारखान्यात लागल्या होत्या. ब्रेझिंग शिकल्या होत्या. जुने लोक त्याला डाग देणं म्हणत. सांधा घासून लख्ख करायचा, पितळ नीट पसरावं म्हणून टाकणखार लावायचा, दोन तुकड्यांत कागदाएवढीच फट ठेवायची, आणि तापल्या लोखंडाला पितळी तार टेकवायची. पहिल्यांदा तार वितळून फटीत आत, चक्क वरच्या दिशेनं चढली, तेव्हा वहिनींनी हात जोडले होते. मास्तर हसले होते. "नमस्कार कसला करताय! बारीक फटीत पातळ वस्तू ओढलीच जाते. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तसंच. वेल्डिंगमध्ये दोन्ही लोखंडं वितळून एकजीव होतात. इथं लोखंड वितळत नाही, मधलं पितळ त्यांना धरून ठेवतं. पातळ नळीला वेल्डिंग केलं तर भोक पडेल. डाग दिला तर सांगाडा नातवंडांपर्यंत टिकेल. कमी-जास्त काही नाही. फक्त डागाचं काम आगीत नेऊ नये."

आणि दोन महिन्यांपूर्वी कड्यांचं काम आलं होतं. दोन अर्धगोल जोडून एक कडी. अर्ध्या कड्या वेल्डरनं केल्या. बाकीच्या तीस वहिनींनी डाग देऊन केल्या, हात बसावा म्हणून.

धाडकन वजन आदळलं.

"सुटली! सुटली!" चौक नुसता फुटला. कुणीतरी वन्संच्या पायाशी थुंकलं. महाराजांनी चिमट्यानं कडीचे दोन्ही तुकडे उचलून लगेच पाण्याच्या पिंपात टाकले. "पाप थंड झालं! कुणी हात लावू नका!"

वहिनी कधी चौथऱ्यावर चढल्या ते त्यांनाच कळलं नाही. त्यांनी कोपरापर्यंत हात पिंपात घातला.

"अहो वहिनी, पाप लागेल!" खालून एक म्हातारा ओरडला.

"लागू दे, आजोबा. पितळ तर लागलंच आहे." त्यांनी तुकडे वर धरले. काळ्या लोखंडाच्या टोकांना पिवळी पुटं चकाकत होती. "हे काय आहे, महाराज?"

"सोनं!" महाराज एका क्षणात म्हणाले. त्यांची जीभ कधी अडत नसे. "पापिणीच्या नावावर देवानं सोन्याचे अश्रू ढाळले!"

"मग देवानं डाव्या हातानं ढाळले असणार. मी डावखुरी आहे. माझा डाग नेहमी एकीकडे जाड ओघळतो. हा बघा. मास्तर त्याला माझी सही म्हणतात."

पाठीमागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढं पुरलं. वहिनींनी महाराजांच्या गादीमागच्या कड्यांच्या दोन गोण्या ओढून उपड्या केल्या आणि कमरेच्या पिशवीतली कानस काढली. पहिल्या गोणीतली कडी घासली. सांध्यावर पिवळी रेघ उमटली. दुसऱ्या गोणीतली घासली. लोखंडाला लोखंडच, रेघ नाही.

"ही डाग दिलेली, ही वेल्डिंगची. आता न्याय करू. ही वेल्डिंगची शिंपीदादाच्या नावानं. आणि ही पिवळ्या रेघेची महाराजांच्या नावानं. ठेवा निखाऱ्यांत."

"देवाची परीक्षा घेतेस?" महाराज किंचाळले.

"देवाची नाही हो. तुमची."

महाराज चौथऱ्यावरून उतरू लागले, पण वाट द्यायला कुणी हललं नाही. शिंप्याच्या नावाची कडी निखाऱ्यांत पांढरटलाल झाली तरी वजन धरून राहिली. महाराजांच्या नावाची पिवळा थेंब टाकून सुटली आणि वजन दाणकन खाली आलं. कुणी जयजयकार केला नाही.

"ऐका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळात बारीक. लोकांना कान द्यावे लागले. "लोखंडाला पाप कळत नाही, फक्त आच कळते. पितळ लोखंडाच्या कितीतरी आधी वितळतं, एवढंच आहे यात. देव मानता ना? मीही मानते. मग तो दोन गोण्यांत वाटणी करून बसलाय, हे कसं मानलंत? डाग वन्संच्या हाताला नव्हता. कडीला होता, आणि तो मी दिला होता. यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: ही वस्तू कुणी बनवली? मीसुद्धा विचारलं नाही. म्हणून शिंपीदादा देशोधडीला लागला."

त्यांची नजर गर्दीत मास्तरांवर गेली. "मास्तर, या कड्यांच्या गिऱ्हाईकानं काय सांगितलं होतं?"

मास्तर चपलांकडे बघत राहिले. "दोन ढीग वेगळे ठेवा म्हणाला होता. डागाच्या कड्यांवर काळा लेप द्या म्हणाला होता."

"आणि तुम्ही?"

"गिऱ्हाईकाला कशाला विचारायचं, वहिनी?"

यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग मात्र गर्दी उसळली. मघाशी वन्संच्या पायाशी थुंकलेला माणूसच महाराजांची कॉलर धरायला सगळ्यांत पुढे होता. पंच म्हणू लागले, आम्हाला आधीच शंका होती. बेकरीवाल्याची आई मात्र हलली नाही. "कडी खोटी असेल," ती वन्संना म्हणाली. "बाळ तर गेलंच ना?" आणि तोंड फिरवून निघाली.

वन्संजवळ कुणी आलं नाही. माफी तर राहूच द्या, नजरसुद्धा नाही. त्या चौथऱ्याच्या पायरीवर बसल्या.

"त्या खांबावरची चारही पोरं माझ्या हातची आहेत," त्या म्हणाल्या. "पहिला श्वास घेईनात म्हणून एकेकाला उलटं धरून थोपटलंय. आज तीच ओरडत होती, सुटली सुटली."

वहिनी त्यांच्या शेजारी टेकल्या. समोर कड्यांचा ढीग पडला होता. त्या सवयीनं एकेकीवर कानस मारून पिवळ्या रेघेच्या कड्या वेगळ्या काढू लागल्या. पंधरा. निखाऱ्यांत सुटल्या चार. त्यांनी पुन्हा मोजलं.

"काय झालं?"

"मी तीस केल्या होत्या, वन्सं. अकरा कमी आहेत."

पंच ओढत नेत असताना महाराजांच्या कानावर ते पडलं असावं. फाटक्या सदऱ्यातही ते हसले. "पुलापलीकडच्या गावात माझा भाऊ बसतो, बाई. लोखंड तिथंही खोटं बोलत नाही!"

वन्संनी वहिनींचं मनगट धरलं. "म्हणजे तिथंही आज कुणी उभी असेल."

"असेल."

"कोण जाणार मग? हे?" वन्संनी गादीखालच्या फळ्या मोडणाऱ्या गर्दीकडे मान वळवली. गादी, कनात, साखळ्या, जे हाताला लागेल ते लोक घरी नेत होते. शेवटचा चमत्कार म्हणून काहीजण पितळेचे थेंबही राखेतून वेचत होते.

"मी जाते. अकराच्या अकरा परत आणीन. शब्द देते तुम्हाला."

"एकटी?"

"तुम्ही घरी जा आणि दार उघडं ठेवून बसा. कुणीतरी बोलवायला येईलच. आज नाही तर उद्या, कुणाच्या तरी पोटात कळ येईलच."

वहिनींनी एक वेल्डिंगची कडी, एक पितळी रेघेची आणि कानस पिशवीत टाकली. पदराला हात पुसले. गर्दीच्या कडेकडेनं, कुणाच्या खांद्याला खांदा न लागू देता, त्या पुलाच्या दिशेनं चालू लागल्या.