दगडावरचं ‘म्हणे’

इंग्रजी वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत. तो बोलला की पुढे तोंड उघडायची कुणाची टाप नसे. मुद्रितं तपासताना त्याच्या नजरेतून स्वल्पविरामसुद्धा निसटत नसे आणि दुसऱ्याची चूक सापडली की त्या दिवशी त्याला जेवण गोड लागे. असा हा गृहस्थ.

धाकट्या भावाच्या इंग्रजीचा मात्र आनंदीआनंद होता. तो सुतार, बाबांचा कारखाना चालवायचा. बाबा गेल्यावर कारखान्याच्या दारात त्यांच्या नावाचा दगड बसवायचं त्यानं ठरवलं. बाबांना इंग्रजी पाटीची भारी हौस, म्हणून मजकूरही इंग्रजीत. कागद घेऊन तो दादाकडे आला.

“दादा, एकदा नजर घाल. दगडावर खोडरबर चालत नाही.”

सगळी अक्षरं तिरकी होती.

“हे काय रे?”

“तिरकं झोकात दिसतं ना!”

“तिरकं पुस्तकाचं नाव लिहितात, जहाजाचं लिहितात. बाबा जहाज होते का?”

धाकटा ओशाळून हसला. दादानं अक्षरं सरळ केली, एक स्वल्पविराम हलवला आणि त्याचं पेन अडलं. ‘आमच्या “प्रिय” वडिलांच्या स्मरणार्थ.’

दुकानांच्या पाट्यांवर “ताजा” माल लिहितात तसंच हे. धाकट्याला वाटलं, शब्दाला मान द्यायचा तर त्याच्या कानांत असे डूल घालतात. पण इंग्रजीत साध्यासुध्या शब्दाला उगाच अवतरणचिन्हं लावली की त्याचा अर्थ होतो ‘म्हणे’. प्रिय, म्हणे!

दादा हा आईच्या पहिल्या नवऱ्याचा. बाबांनी त्याला कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही. फक्त आल्यागेल्याला ओळख करून देताना धाकट्याला ते ‘माझा मुलगा’ म्हणत आणि याला ‘हिचा मुलगा’. आई गेल्यावरही ‘हिचा’च. शेवटच्या आजारात दादा उशाशी बसून असायचा, तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं. एकदा तरी ‘माझा’ म्हणतील, या आशेवर हा माणूस म्हातारा व्हायला आला होता.

“ही चिन्हं बरोबर आहेत ना रे?” धाकट्यानं बोट ठेवून विचारलं.

“अगदी बरोबर. मानाच्या शब्दाला लावतातच,” दादा म्हणाला. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दगड बसला त्या सकाळी कारागीर, गिऱ्हाईकं, शेजारीपाजारी सगळे जमले. धाकट्याच्या मुलीनं कापड ओढलं. पहिली ओळ वाचून दादानं गालातलं हसू दाबलं. मग त्याची नजर खाली गेली. कागदावर नव्हती अशी आणखी एक ओळ तिथे कोरलेली होती.

‘त्यांचा थोरला “मुलगा” व धाकटा मुलगा यांच्याकडून.’

“तुला न सांगता वाढवली,” धाकटा त्याच्या कानाशी लागून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “मानाच्या शब्दाला लावतात म्हणालास ना? म्हणून तुझ्या शब्दाला लावली. मला नाही लावली, मान थोरल्याचा. बाबा तुला मुलगा म्हणाले नाहीत, ते मला फार लागायचं रे. म्हटलं, आपण दगडावर म्हणू.”

दादानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“पण बाबा,” मुलगी म्हणाली. ती कॉलेजात इंग्रजी शिकत होती. “असं लिहिलं की ‘म्हणे मुलगा’ असा अर्थ होतो. वरचंसुद्धा तसंच...”

“गप गं! काकांनी तपासलंय ते. त्यांच्या हातून कधी चूक झालीये का?” पण धाकट्याचा चेहरा उतरला होता. “दादा, खरंच काही चुकलंय का? तू फक्त सांग, आत्ता दुसरा दगड बसवतो.”

सगळे पूर्णविरामाच्या तोंडाकडे पाहू लागले. पुतणी जरा जास्तच रोखून पाहत होती. खालचं चूक म्हणावं तर वरचंही चूक ठरणार होतं, आणि वरचं नजरेतून सुटलं असं म्हटलं असतं तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार?

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “राहू दे.”

धाकट्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्या कोरलेल्या शब्दावरून मायेनं बोट फिरवलं.

“बाबांनी हे वाचायला हवं होतं, दादा.”

“हो,” दादा म्हणाला. “त्यांना अगदी पटलं असतं.”