अडोमाकोचं रडणं

तीस वर्षं अडोमाको फिरत्या नाटक मंडळीत बाईचं काम करत आला. डोक्याला रुमाल बांधून तो विधवा म्हणून उभा राहिला की गावोगावच्या बायका हुंदके देत. कुणी तर उठून त्याच्या पुढ्यात उकडलेली अंडी ठेवी. "खा गं बाई, किती सोसशील!"

मग घानातल्या कुमासी शहरात व्हिडिओ सिनेमे निघू लागले, लोक घरबसल्या ते बघू लागले आणि मंडळी मोडली.

त्याच सिनेमावाल्यांनी एक दिवस अडोमाकोला बोलावलं. राखणदाराचं काम, दोन वाक्यांचं. तो गेला.

अंगणात चित्रीकरण चाललं होतं. आफ्रियी नावाची शिंपीण आईच्या भूमिकेत होती. मुलगा गेल्याचं कळताच ती ऊर बडवून किंचाळायची, पण डोळे कोरडे.

"अगं, पोरगा मेलाय तुझा, कोंबडी नाही हरवली!" दिग्दर्शक ड्वुमो ओरडला. सगळे हसले. आफ्रियीचा चेहरा पडला.

अडोमाकोला राहवेना. "पोरी, तू रडायला बघतेयस. आई रडू आवरायला बघते."

"आजोबा, राखणदारानं दारात थांबावं," ड्वुमो म्हणाला.

पण अडोमाको चुलीपाशी बसलासुद्धा. बातमी ऐकल्यासारखा क्षणभर थांबला, मग पातेल्यातलं सार ढवळत राहिला. "जेवला होता का तो?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एक ताट वाढायला घेतलं.

कॅमेरावाला नाक पुसत होता.

"तुम्हीच करा हे काम!" ड्वुमो म्हणाला.

अडोमाकोचा जीव क्षणभर हावरा झाला. तेवढ्यात त्याला आफ्रियी दिसली. मुकाट्यानं डोक्याचा रुमाल सोडत होती.

"माझी दाढी कंदिलाच्या उजेडात खपून जायची, बाबा. तुझ्या कॅमेऱ्यापुढं नाही खपायची." तो तिच्याकडे वळला. "बस, पोरी. तुझं कोण गेलंय?"

"धाकटी बहीण," ती पुटपुटली.

दोघं आंब्याखाली बराच वेळ बोलत बसली. नंतर आफ्रियी चुलीपाशी आली आणि तिनं तो प्रसंग एका दमात केला. 'थांबा' म्हणायचं ड्वुमोला सुचलंच नाही.

सिनेमा गाजला. बाजारात बायका आफ्रियीचा हात धरून तिचं सांत्वन करू लागल्या. राखणदार कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

पुढच्या सिनेमाच्या वेळी ड्वुमो स्वतः अडोमाकोच्या दारी आला. "पोरींना शिकवायला या, आजोबा."

"येतो. पण त्यांच्यावर ओरडायचं नाही."

"मग मी करू काय?"

"तू कॅमेरा सांभाळ," अडोमाको म्हणाला आणि चपला शोधू लागला.