तेल पिणारं डोकं

"पी! घोट घोट पी!"

शीतलबाबा वाटीभर तेल माझ्या आईच्या टाळूवर ओततोय. राहुरीजवळचं आमचं गाव, ग्रामपंचायतीसमोर दीडशे माणसं, निम्म्यांचे मोबाईल वर. बाबाची चंपी चालू. मध्येच तो डोक्यातली 'उष्णता' शेजारच्या मडक्यात, पाण्यात हात बुडवून सोडतो. दहा मिनिटांत वाटी रिकामी. मानेवर एक ओघळ नाही.

"मेंदू वाळला होता माउली, कुरडईसारखा! आता तेल प्याला. बीपी संपलं. गोळ्या बंद!"

टाळ्या. लोकांनी आईला भरीस घातलं.

खोटं. पुन्हा सांगतो.

आईला मी नेलं. मी, सुनील, नागापूरच्या कारखान्यात क्वालिटी तपासतो. केसाएवढा फरक दिसला तरी पार्ट परत पाठवतो. बाबाचे हात तपासावेत असं मनातही आलं नाही.

"आरं, सकाळची गोळी न्हाई दिलीस," आई दुसऱ्या दिवशी घरी म्हणाली.

"डोकं तेल पितंय आई. गोळी कशाला?"

"तू शिकलेला. तू म्हनतो तर ऱ्हाऊ दे."

असे तीन आठवडे. दर गुरुवारी बाबाची चंपी, गोळी बंद.

चौथ्या गुरुवारी आईचा नंबर यायच्या आधी रामहरीकाका पुढे आले. चाळीस वर्षं गावाची हजामत आणि चंपी त्यांच्याकडे.

"बाबा, डोकं दोन चमचे तेल धरतं. तिसरा कानामागून उतरतोच. तुमचं कुठं जातंय?"

"श्रद्धेनं जिरतं!"

"मग माझ्या टकलावर जिरवा. पर मडकं मी लांब ठिवतो."

लोक खो खो हसले. बाबाला माघार घेता येईना. दुसऱ्या धारेलाच तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. काकांनी झटकन त्याचा तळवा उलटा केला. बोटांच्या बेचक्यात कातडीच्या रंगाचा स्पंजचा तुकडा. मडक्यात डोकावलं तर पाण्यावर आधीच्या चंप्यांचं बोटभर तेल.

"टिपायचं डोक्यावर, पिळायचं मडक्यात! आन म्हनं डोकं प्यालं!"

मीही हसलो. हसत आईकडे वळलो. तिच्या ओठाची डावी कड खाली ओघळली होती. ती काही सांगत होती, शब्द फुटत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

"बाबानं."

आईला बोलता येत नव्हतं. येत असतं तर मला वाचवायला तीही हेच म्हणाली असती. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हणालो. "मी बंद केली."

बाबाला पोलिसांनी नेलं. मला कुणी जाब विचारला नाही. म्हणून पुढच्या गुरुवारी त्याच जागी मीच उभा राहिलो. मान वर होत नव्हती.

"डोक्याला तेल जरूर लावा," मी म्हणालो. "चंपीनं मान सैल होते, शीण जातो, झोप लागते. तेवढंच. तेल मेंदूत जात नाही, बीपी उतरवत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि घरातलाच कुणी शिकलेला सोडा म्हणाला, तर त्याला विचारा, तुला कसं कळलं? माझ्या आईनं मला विचारलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता."