डाव्या हाताचे टाके

ताईचं पत्र आलं त्याला नऊ वर्षं झाली. पत्र कसलं, चार ओळी: "संग्रहालयात जाऊन झग्याची पाटी वाचली. चार महिने मान मोडून बसले होते रे मी त्या झग्यापाशी. मी नव्हतेच का?" पाटीवाल्यानं उत्तराचे सात मसुदे केले आणि सातही फाडले. आज लिहू, उद्या लिहू करता करता पत्र शब्दकोशात खूण होऊन बसलं, आणि बहीणभावांतलं बोलणंही आटलं.

पाटीवाला हे त्याला कामावर पडलेलं नाव. किल्ल्यातल्या राजवाड्याच्या संग्रहालयात उभी हयात त्यानं काचेच्या कपाटांसाठी पाट्या लिहिल्या. ताई तिथंच जुनी वस्त्रं दुरुस्त करायची. राजाच्या दरबारी झग्यासाठी त्यानं लिहिलं होतं, "शिवण मूळ, दुरुस्ती नाही." जुन्या नोंदवहीत तसंच होतं, आणि नोंदवही चुकेल कशी? ताईनंच राईचा पर्वत केला, अशी तो मनाची समजूत घालायचा. मन काही ऐकायचं नाही.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, आईची नजर गेली. आता सगळं वाचून दाखवावं लागतं."

म्हणून आज तो किल्ल्यावर आला. जन्मात पहिल्यांदाच तिकीट काढलं. खिडकीतल्या मुलीनं ओळखलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. खिळ्यांचा दरवाजा, तोफा, मग आरसेमहाल. तिथं एका म्हाताऱ्याचे वीस म्हातारे झाले, पण सोबत एकाचीही वाटेना.

झग्याचं दालन बेचाळीस पायऱ्या वर. धापा टाकत चढताना त्याला आठवलं, पाटी लिहिताना आपण इथं आलोच नव्हतो. खाली टेबलाशी बसून नोंदवहीतून उतरवून घ्यायचं आणि पाटी शिपायाच्या हाती द्यायची, हीच आपली रीत. डोळ्यांपेक्षा कागदावर भरवसा जास्त.

झगा काचेआड हात पसरून उभा होता. खाली त्याचंच वाक्य. तो वाकला.

"ओ आजोबा, काचेला नाक लावू नका," कोपऱ्यातल्या पहारेकऱ्यानं स्टुलावरूनच हटकलं. "पुसायचं मलाच पडतं."

"टाके बघतोय."

"टाके? लोक ते हिरे बघायला येतात."

"खोटे आहेत ते. पाटीवर लिहिलंय."

"पाट्या कोण वाचतंय, आजोबा!"

"एक बाई वाचायची," तो पुटपुटला.

उजव्या बाहीवरचे टाके सगळे एकाच बाजूला कललेले. डाव्या बाहीवरही तसेच, पण मनगटाजवळ चार बोटं जागेत ते उलटे कलले होते. त्यानं आपल्या सदऱ्याची कड उलटून पाहिली. फार वर्षांपूर्वी ताईनं शिवून दिलेली. तोच कल. ताई डावखुरी. आईनं किती वेळा रागावून सुई तिच्या उजव्या हातात दिली, पण आईची पाठ वळली की सुई पुन्हा डावीकडे. नोंदवही मात्र ताई कामाला लागण्याच्याही आधीची. हे ठाऊक असूनही, तिच्यात ताईची दुरुस्ती असणारच नाही, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

"ही पाटी चुकलीय," तो पहारेकऱ्याला म्हणाला.

"चुकेल कशी? लिहिलेली आहे ना?"

पाटीवाल्यानं खाली कचेरीत जाऊन पाटी बदलण्याचा अर्ज दिला. "बघतो," असं म्हणून कारकुनानं तो ढिगाखाली सरकवला.

अंगणातल्या बाकावर बसून त्यानं पोस्टकार्ड काढलं. भाचा मोठ्यानं वाचणार, घरातले सगळे ऐकणार, या विचारानंच त्याचे कान तापले. आठवा मसुदा करायचा मोह झाला. पण त्यानं सरळ कार्डावरच लिहिलं: "ताई, आज बेचाळीस पायऱ्या चढून टाके पाहिले. डावी बाही, मनगटाजवळ, चार बोटं. तू होतीस. वर मीच आलो नव्हतो. पाटीसाठी अर्ज दिलाय, काय होईल सांगता येत नाही. माझं चुकलं."

दरवाज्याबाहेरच्या टपालपेटीत त्यानं हात मनगटापर्यंत घातला आणि बराच वेळ कार्ड सोडलंच नाही. मागून कोणीतरी खाकरलं, तेव्हा बोटं सुटली. पेटी रिकामी असावी. कार्ड तळाला आपटलेलं नीट ऐकू आलं.